वरच्या थरातले अकरा

"म्हणजे अठ्ठ्याण्णव टक्के तीच दोषी. बरोबर ना, मॅडम? मग करा सही."

सामंतांनी कागद माझ्यासमोर सरकवला आणि टेबलाला टेकून उभे राहिले. शेजारी खुर्ची रिकामी होती, पण ते कधी बसायचे नाहीत. बसलं की माणूस विचार करायला लागतो, अशी त्यांना धास्ती असावी.

"नाही," मी म्हटलं.

"नाही म्हणजे? आकडा तुम्हीच काढलाय ना?"

"आकडा मी काढला. अर्थ तुम्ही लावताय."

"अहो मॅडम, शेठ खाली थांबलेत. मला त्यांना नाव द्यायचंय."

त्यांना घाई होती आणि मला संताप आला होता. संताप आला की मला एका जागी बसवत नाही. मी उठले आणि खोलीतल्या खोलीत फेऱ्या मारायला लागले. माझी ती खोली एवढीशी होती, चार पावलांत भिंत यायची.

नव्वदच्या दशकाची शेवटची वर्षं. वसई पूर्वेच्या एका इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये आमचा विजेचे स्विच बनवणारा कारखाना होता. सामंत प्रॉडक्शन मॅनेजर आणि मी क्वालिटी कंट्रोलची इन्चार्ज. म्हणजे माल चांगला आहे की नाही ते सांगणारी बाई, आणि म्हणून सगळ्यांना नको असलेली बाई. स्टॅटिस्टिक्समध्ये एम.एस्सी. केलेलं, त्याचा उपयोग तोवर मुख्यत: तक्ते रंगवण्यासाठी झाला होता. त्या काळात आयएसओ सर्टिफिकेटचं वारं सुटलं होतं. इन्स्पेक्टर आला की तक्ते भिंतीवर लागायचे आणि गेला की कपाटात जायचे.

झालं होतं असं, की नाशिकच्या एका बिल्डरने आमचा अख्खा माल परत पाठवला. स्विच दाबला की अर्ध्यावरच अडकतो, अशी तक्रार होती. आत एक छोटी स्प्रिंग असते, ती तिरकी बसली की असं होतं. आमच्याकडे चाळीस बायका हाताने स्विच जुळवायच्या. त्यातली कुणीतरी स्प्रिंग तिरकी बसवत होती. शेठचं म्हणणं एकच, "मला नाव पाहिजे."

सामंत नुकतेच एका हॉटेलातल्या दोन दिवसांच्या सेमिनारला जाऊन आले होते. तिथून येताना एक फाइल, एक पेन आणि 'पी-व्हॅल्यू' एवढा ऐवज घेऊन आले. पी-व्हॅल्यू पाच टक्क्यांच्या खाली आली की खेळ खलास, एवढंच त्यांच्या डोक्यात बसलं होतं. त्यांनी चाळीसही बायकांच्या क्रेटमधून वीस-वीस स्विच काढून तपासायला लावले. कुणाचा एकही खराब नाही, कुणाचा एक, कुणाचे दोन. दोघीतिघींचे तीन. आणि जसिंताचे चार.

जसिंता पाचूबंदरची. वसईच्या किल्ल्याजवळच्या कोळीवाड्यातली. नोकरीला लागायच्या आधी धक्क्यावर मासळी विकायची, आणि तिथला आवाज ती कारखान्यात तसाच घेऊन आली होती. महाफटकळ बाई. मला तिने 'कागदवाली' असं नाव ठेवलं होतं, आणि ते मागून नाही, समोरच म्हणायची. खरं सांगते, मला ती मुळीच आवडायची नाही.

पण तिची ट्रायल त्या शनिवारी संपत होती. शनिवारी ती कायम होणार, नाहीतर घरी जाणार. कायम झाली की ईएसआयचं कार्ड, म्हणजे घरच्यांनाही फुकट उपचार. आमच्याकडे ट्रायलवाल्यांना ते मिळायचं नाही. तिच्या नवऱ्याचा उजवा हात बोटीच्या दोरात सापडला होता, दोन बोटं आखडून बसली होती. डॉक्टरांनी सांगितलं होतं, ऑपरेशन लवकर केलं तर हात कामाला येईल, उशीर केला तर नाही. ते ऑपरेशन त्या कार्डावर होणार होतं. हे तिने मला विश्वासात घेऊन सांगितलं नव्हतं. डबा खाताना सगळ्या शेडला ऐकू जाईल असं सांगितलं होतं.

आता तो आकडा काय होता ते सांगते. कठीण नाही.

आमच्या कारखान्यात शंभरात पाच स्विच खराब निघणं हे नेहमीचं धरलेलं होतं. म्हणजे विसात सरासरी एक. पण सरासरी एक म्हणजे दर वेळी एकच असं नाही. नशीब नशीब असतं. तर सुरुवातीला असं धरायचं, की जसिंता बाकीच्यांसारखीच आहे, तिचेही शंभरात पाचच खराब असतात. आणि मग विचारायचं, असं असताना निव्वळ नशिबाने विसात चार किंवा त्याहून जास्त खराब हाती लागायची शक्यता किती? त्या शक्यतेला पी-व्हॅल्यू म्हणतात.

मी कॅल्क्युलेटरवर हिशेब केला. विसात एकही खराब नाही, याची शक्यता पस्तीस पॉइंट आठ टक्के. एक खराब, सदतीस पॉइंट सात. दोन, अठरा पॉइंट नऊ. तीन, सहा. सगळे मिळून अठ्ठ्याण्णव पॉइंट चार. उरले एक पॉइंट सहा. ते 'चार किंवा जास्त'चे.

"पण चारच निघालेत," सामंत म्हणाले होते. "मग नुसत्या चारचं का नाही काढत? 'किंवा जास्त' कशाला?"

"पाच निघाले असते तर तुम्ही तिला सोडलं असतंत?"

"सोडतो कशाला!"

"मग पाच, सहा, सात, सगळे धरायला नकोत?"

एवढं त्यांना पटलं. गाडी पुढे अडली. एक पॉइंट सहा टक्के ऐकल्यावर त्यांनी ते शंभरातून वजा केले, आणि उरले तेवढे टक्के जसिंताच्या कपाळी मारले.

"सामंत साहेब," मी फेऱ्या मारता मारता म्हटलं, "ती बाकीच्यांसारखी असली, तर असं घडायची शक्यता एक पॉइंट सहा. याचा अर्थ ती बाकीच्यांसारखी असण्याची शक्यता एक पॉइंट सहा, असा होत नाही. पाऊस असला की रस्ता ओला असतो. म्हणून रस्ता ओला दिसला की पाऊसच पडला, असं म्हणाल? टँकर गळत गेला असेल!"

"मॅडम, टँकर मध्ये आणू नका."

"बरं, हाऊजी खेळता ना? नंदाखालच्या चर्चच्या फेस्ताला जाता तुम्ही."

"जातो की."

"कुणाला तरी फुल हाऊस लागतंच ना? त्या माणसाला लागायची शक्यता केवढीशी होती! मग त्याने लबाडी केली म्हणून धरता का त्याला? तुम्ही चाळीस जणी तपासल्यात. त्यातली सगळ्यात वाईट निघाली ती उचललीत, आणि फक्त तिचाच आकडा मला काढायला सांगितलात. चाळीसही जणी अगदी सारख्या असत्या, कुणाचाच काही दोष नसता, तरी त्यातल्या निदान एकीचे चार किंवा जास्त निघायची शक्यता सत्तेचाळीस टक्के आहे. नाणं उडवा आणि बाई काढा. चोर सोडून संन्याशाला फाशी!"

सामंत वाईट नव्हते हो. मागच्या वर्षी माल परत आला तेव्हा शेठने आधीच्या प्रॉडक्शन मॅनेजरला काढलं होतं, आणि त्याच खुर्चीत सामंतांना बसवलं होतं. म्हणूनच बसत नसावेत.

"मग शेठला काय सांगू? हाऊजी?"

इथे माझा उतावळेपणा नडला. "आता फक्त जसिंताचाच नवा नमुना घेऊ," मी म्हटलं. "शंभर स्विच. आणि हद्द आधी ठरवू, निकाल बघून नाही. शंभरात दहा किंवा जास्त खराब निघाले, तर नशीब म्हणायला जागा नाही. तिथे पी-व्हॅल्यू तीन टक्क्यांच्या आत येते. आणि या वेळी चाळिसातून निवडलेली म्हणून सूट नाही. दहा निघाले तर मी स्वत: सही करीन."

"शब्द?"

"शब्द."

ते गेल्यावर मला वाटलं, छान झालं, शास्त्रशुद्ध झालं. जिन्यापर्यंत गेले तेव्हा ध्यानात आलं. पाच-सहा निघाले तर ती सुटेल. पण दहा निघाले तर? तर माझीच सही.

शुक्रवारी सकाळी मनवेलपाड्याला आमच्या बिल्डिंगखाली टँकर आला. मी हंडा नळीखाली धरला आणि तो भरून वाहायला लागला तरी धरूनच उभी. मागच्या काकू ओरडल्या, "अहो, लक्ष कुठाय तुमचं? पाणी चाललं सगळं!" लक्ष शंभर स्विचांत होतं. हे म्हणाले, "तुझी नोकरी आहे की तिची?" मी त्यांच्यावरच खेकसले.

कारखान्यात पोचले तर तपासणी सुरू झालेली. भोईर नावाचा आमचा तपासनीस, साधा माणूस, बोर्डवर एकेक स्विच लावायचा आणि दाबायचा. टक् वाजलं आणि दिवा लागला की पास. मी त्याच्या मागे उभी राहिले, मग बाहेर गेले, परत आले. चहा मागवला, प्यायला विसरले. पन्नास झाले तेव्हा पाच खराब होते. सत्तरला सात. मी मनात म्हणत होते, थांबा आता, थांबा.

शंभर झाले. अकरा खराब.

सामंतांना बोलवावं लागलं नाही, ते दारातच होते. आनंद दाखवू नये एवढं सभ्यपण त्यांच्यात होतं. "मॅडम," ते हळूच म्हणाले, "तुमच्याच हद्दीच्या वर आहे."

मी पुन्हा हिशेब केला. मग पुन्हा केला. शंभरात अकरा किंवा जास्त, एक पॉइंट पंधरा टक्के. या वेळी चाळिसांची पळवाट नव्हती. हद्द आधी ठरलेली. सगळं माझ्याच पुस्तकाप्रमाणे. आपल्याच पायावर धोंडा मारून घ्यायचा म्हणजे काय, ते मला त्या दिवशी कळलं.

"सही उद्या शेठसमोर करते," मी म्हटलं. "शब्द दिलाय, फिरवणार नाही."

"उद्या कशाला?"

"उद्याच तिची ट्रायल संपतेय ना? मग उद्या."

खरं कारण मलाही माहीत नव्हतं. फक्त काहीतरी टोचत होतं. मला जसिंता आवडत नव्हती, हे वर सांगितलंच आहे. पण ती गलथान नव्हती. तिचं टेबल कोळिणीने पाटी धुऊन ठेवावी तसं स्वच्छ असायचं. अशा बाईच्या हातून शंभरात अकरा?

निदान तोंडावर सांगावं म्हणून मी शेडमध्ये गेले. ती स्विच जुळवत होती. मी मागे उभी राहिले, तिला दिसले नाही. तिने एक जुळवला, दाबला, कानाशी नेला आणि पुढच्या क्रेटमध्ये ठेवला. दुसरा, तिसरा, तसेच. पुढचा कानाशी नेला, तोंड वाकडं केलं, आणि क्रेटमध्ये न ठेवता बाजूच्या डब्यात टाकला. डब्यात तसे बरेच जमलेले होते.

आमचे क्रेट चार थरांचे असायचे. एका थरात शंभर स्विच, मध्ये पुठ्ठा. तिचे खालचे तीन थर भरलेले होते. ती चौथा, सगळ्यात वरचा, भरत होती. तिने बाजूचा डबा उचलला आणि त्यातले सगळे स्विच त्या वरच्या थरात मांडायला लागली.

"अगं ए बाई!" मी ओरडलेच. "हे काय करतेस?"

ती दचकली नाही. "क्रेट भरतंय. दिसत नाय?"

"हे तू बाजूला काढलेले ना? हे का घातलेस?"

"मना त्यांचा आवाज बरा नाय वाटला."

"मग रिजेक्टच्या पेटीत टाकायचे!"

आता मात्र तिच्या तोंडाचा पट्टा सुटला. "रिजेक्टच्या पेटीत? ट्रायलवाल्या बायकांनी रिजेक्ट करायचा नाय, ता भोईर करील, असा तुमच्या सामंत सायबांनीच सांगितला ना? पेटीला हात लावला तर घरी जा बोलले. मंग मी काय करू? गिलू?"

हा नियम होता खरा. नव्या बायका चांगला माल उगाच फेकतात, म्हणून सामंतांनीच केला होता.

"पण मग वर का ठेवतेस?" मी विचारलं.

"मंग कुठं ठेवू? तलाला?" ती माझ्याकडे अशी बघत राहिली, जणू मीच काहीतरी भलतंच बोलले. "आमच्यात मावऱ्याचा, मासलीचा वाटा लावतात ना, तवा नरम मावरं वर ठेवतात. घेनाऱ्याच्या डोळ्याला पयलां ता दिसला पायजे. तलाला लपवून इकला तर दुसऱ्या दिवशी कोन येल आपल्याकडं? माझी आय तर मारायची. भोईर वरसून बघतो, मंग जो वायट वाटतो तो त्याला वरच दिसला पायजे ना? त्याने काढून टाकावा. मना काय, मी सांगून मोकली."

मी भोईरकडे धावले म्हटलं तरी चालेल. "भोईर, सकाळचे शंभर कुठले घेतलेत?"

"वरचा थर. शंभरच बसतात ना त्याच्यात."

"मी तुम्हाला रँडम घ्या म्हटलं होतं!"

"रँडमच घेतलं, म्याडम. कुठला बी नाय निवडला. सगला थर घेतला."

रँडम म्हणजे कुठलाही, कुणाचीही निवड न करता, चिठ्ठ्या टाकल्यासारखा. वरचाही येऊ शकला पाहिजे आणि तळचाही. माझा तो सगळा हिशेब या एका गोष्टीवर उभा होता. आणि आमच्या खात्यात रँडमचा अर्थ होता, हाताला लागेल ते. चार पुठ्ठे उचलायचा कंटाळा, दुसरं काही नाही. आधीचे वीसही वरूनच घेतलेले होते. म्हणजे बाई आपल्या हाताने वाईट माल तपासनिसाच्या पुढ्यात मांडत होती, आणि आम्ही तो मोजून तिला चोर ठरवत होतो. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

मला तिचा इतका राग आला म्हणून सांगू! तोंडाने एवढी वाजते, आणि हे मात्र कुणाला बोलली नाही. "सांगितलं का नाहीस कुणाला?" मी तिला विचारलं.

"कोनी इचारला?"

सकाळचा तो क्रेट मी माझ्या खोलीत नेऊन ठेवला आणि खोलीला कुलूप लावलं. शनिवारी शेठ आले. त्यांचं मराठी गुजराती वळणाचं होतं आणि घाईत ते हिंदीवर यायचे. सामंतांनी कागद पुढे केला. मी सही केली. शब्द दिला होता, तो पाळला. फक्त सहीच्या वर एक ओळ लिहिली, 'हा नमुना फक्त वरच्या थराचा आहे.'

"याचा मतलब काय, बेन?" शेठ म्हणाले.

"मतलब बघायला पंधरा मिनिटं बसावं लागेल. आणि अंगठा दुखेल."

सामंत म्हणाले, "मॅडम, आता निकाल लागलाय. पुन्हा पुन्हा तपासत राहिलं तर हवा तो आकडा येईपर्यंत—"

"शाबास!" मी म्हटलं. "हे सेमिनारमध्ये शिकवलं असेल तर फी वसूल झाली. म्हणून मी नवा नमुना मागत नाही. त्याच क्रेटमधले उरलेले तीनशे, सगळेच्या सगळे, तुमच्यासमोर. नमुनाच नाही, तर नशिबाचा प्रश्नच नाही."

आम्ही तिघेही स्विच दाबायला बसलो. होय, सामंतही बसले. वरून दुसरा थर संपला, एकही खराब नाही. तिसऱ्यात एक सापडला आणि सामंतांनी माझ्याकडे पाहिलं. त्यात लाइट गेली. बोर्डवरचा दिवा मेला. जनरेटरवाला डिझेल शोधायला गेला होता. त्या वेळात माझं काय झालं असेल ते मलाच ठाऊक. जाळीतून जसिंता दिसत होती, तिचे हात अंधारातही चाललेले होते. तिला तोवर सगळं कळलं होतं. पहिल्यांदाच ती तोंडातून चकार शब्द काढत नव्हती, आणि ते मला बघवेना.

जनरेटर सुरू झाला. चौथा थर, म्हणजे तळाचा. एक खराब. बस्स.

वर अकरा, खाली तीनशेत दोन. चारशेत मिळून तेरा. शंभरात जेमतेम सव्वातीन. आमच्या नेहमीच्या पाचापेक्षा कमी.

शेठ उठले, शेडमध्ये गेले आणि रांगेतला दुसराच एक क्रेट पायाने दाखवला. "आ खोलो. नीचे से."

तो क्रेट ज्या बाईचा होता, तिचं नाव मी आजही सांगणार नाही. तिच्या विसात एकही खराब नव्हता आणि 'उत्तम कामगार' म्हणून गेटजवळ तिचा फोटो लागलेला होता. भोईरने पुठ्ठे उचलले. तळाच्या थरातल्या पहिल्याच ओळीत तीन स्विच अर्ध्यावर अडकले. पुढच्या ओळीत आणखी. शेठनी तिसरा क्रेट उघडायला लावला. तिथेही वर सोनं आणि तळाला गाळ. कायम बायकांना पेटीत रिजेक्ट टाकायची मुभा होती, पण टाकलेला प्रत्येक नग नावापुढे लिहिला जायचा. मग कोण टाकेल? भोईर वरून बघतो हे पोरीबाळींनाही माहीत होतं. संशयाचा माल तळाला जायचा आणि तिथून नाशिकला. आमचं ते भिंतीवरचं पवित्र पाच टक्केसुद्धा वर्षानुवर्षं वरच्याच थरातून मोजलेलं होतं.

"हिला काढू का मग?" सामंतांनी विचारलं. सवय.

"हिला, तिला, सबको?" शेठ म्हणाले. "चाळीस बाई काढली तर स्विच कोण, मी बनवणार? रूल कुणाचा होता?"

सामंत उभेच होते. शेजारच्या स्टुलावर बसले.

त्यांची नोकरी गेली नाही. नियम गेला. रिजेक्टची पेटी सगळ्यांना खुली झाली आणि तिच्यापुढचा नावांचा कागद मी स्वत: फाडला. भोईर चिठ्ठी काढून थर ठरवायला लागला. पहिल्या महिन्यात आमचे खराब नगांचे आकडे असे काही चढले, की आयएसओवाला आला तेव्हा तक्ता लावायची लाज वाटली. मी लावला. बायका कितीतरी दिवस माझ्याशी बोलत नव्हत्या, कारण क्रेट उलटेपालटे व्हायला लागले ते माझ्यामुळे.

जसिंताला त्याच शनिवारी कायम केलं. कार्ड निघालं, ऑपरेशन झालं. नवऱ्याची बोटं पूर्ण नाही वळत, पण वल्हं धरतो, असं तिने सांगितलं. आभारबिभार काही नाही. एक दिवस डबा खाताना मला हाक मारली. "ओ कागदवाल्या म्याडम! तुमचा ता हिशोबाचा मशीन बोलला का मी सगल्यांवानी नाय. एक टक्का का काय ता. मंग खोटाच बोलला ना?"

मी हो म्हणणार होते, पण आकडा खोटं बोलला नव्हता. पी-व्हॅल्यू एवढंच सांगत होती, की ही बाई बाकीच्यांसारखी आहे असं धरलं, तर असा आकडा सहसा येत नाही. तेव्हा ती बाकीच्यांसारखी नसावी.

नव्हतीच. चाळिसांत ती एकटी वाईट माल वर ठेवत होती.

"नाही," मी तिला म्हटलं. "आकडा खरं बोलला. अर्थ आम्ही चुकीचा लावला."

"मंग सायबांना सांगा, पुढच्या टायमाला आधी मना इचारा," ती म्हणाली आणि डब्यातली सुकी करंदी माझ्या पोळीवर वाढली.

नंतर दुसऱ्या कारखान्यांत, दुसऱ्या साहेबांसमोर मी पुष्कळ पी-व्हॅल्यू काढल्या. आकडा सांगतो, कुणीतरी वेगळं आहे. चांगल्याने वेगळं की वाईटाने, ते तो सांगत नाही. त्यासाठी पुठ्ठे उचलावे लागतात, आणि त्याचाच सगळ्यांना कंटाळा असतो.